टेलिफोनची रांग आणि उत्तर देणाऱ्यांची पाळी

पिठाच्या गिरणीवर दळणाचे डबे ओळीने लागलेले असतात. जो डबा आधी आला तो आधी दळायचा, हा तिथला कायदा. तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. पण कोणी मोडला तर भांडण ठरलेले. गावात लग्नघर असले तर त्यांचे दळण पुढे घेतात आणि त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. म्हणजे रांगेला नियम असतो, नियमाला अपवाद असतो, आणि दोन्ही चारचौघांना पटलेले असले म्हणजे गिरणी सुरळीत चालते.

आता अशी कल्पना करा, की गिरणीत दोन चक्क्या आहेत आणि दोन्हींवर माणसे मोकळी बसली आहेत. डबा आला एकच. तो कोणी घ्यायचा? दर वेळी दाराजवळच्या गड्यानेच घेतला, तर तो दिवसभर पिठाने माखायचा आणि आतला गडी पान लावत बसायचा. गिऱ्हाइकाला त्याचे काय? त्याचे दळण होतेच आहे! पण त्या दाराजवळच्या गड्याला विचारून पाहा. गिऱ्हाइकांची रांग सगळ्यांना दिसते. काम करणाऱ्यांचीही एक रांग असते, ती मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

टेलिफोनच्या इतिहासात या दोन रांगांची गोष्ट फार चांगली पाहायला मिळते. आज आपण एखाद्या सरकारी किंवा खाजगी मदत-केंद्राला फोन लावतो, गाणे वाजत राहते, आणि मग कोणीतरी बोलते. ते 'कोणीतरी' नेमके कोण, हे यंत्राने क्षणात ठरवलेले असते. कोणता कॉल आधी घ्यायचा आणि तो कोणाकडे आधी द्यायचा, हे दोन प्रश्न सोडवायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ते कसे सुटले, आणि पुरते सुटले का, ते आता पाहू.

टेलिफोनचा जन्म 1876 चा. पहिली काही वर्षे दोन ठिकाणे एका तारेने जोडलेली असत आणि बोलणे त्या दोघांतच. पण दहा माणसांना आपापसांत बोलायचे तर प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे तार ओढावी लागेल. गणिताच्या शिक्षकांनी मुलांना हिशेब घालून पाहावा : दहा घरांना 45 तारा, आणि शंभर घरांना 4950! म्हणून सगळ्यांच्या तारा एका जागी आणायच्या आणि तिथे माणूस बसवायचा, अशी युक्ती निघाली. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी जॉर्ज कॉय यांनी 28 जानेवारी 1878 रोजी असे पहिले व्यापारी एक्स्चेंज उघडले. ग्राहक होते 21. आपल्याकडे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे 1881-82 च्या सुमारास एक्स्चेंजे सुरू झाली.

या कामावर आधी तारऑफिसातली पोरे बसवली. ती चलाख होती. पण गिऱ्हाइकांशी उद्धट बोलायची, एकमेकांच्या खोड्या काढायची. त्याच वर्षी, 1 सप्टेंबर 1878 रोजी, बॉस्टनमध्ये एमा नट या बाई कामावर रुजू झाल्या. पहिल्या स्त्री-ऑपरेटर म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले आहे. पुढे जगभर हे काम मुख्यतः स्त्रियांच्याच हाती आले.

त्या वेळचे काम कसे चाले ते समजून घ्यायला हवे. ऑपरेटर बाईंच्या समोर एक उंच लाकडी फळा असे. फळ्यावर प्रत्येक ग्राहकाचे एक भोक. ग्राहकाने आपल्या फोनवरून इशारा दिला की त्याच्या भोकाजवळचे छोटे झाकण पडे. पुढच्या काळात झाकणाऐवजी दिवा लागू लागला. बाई त्या भोकात दोरीची खुंटी घालून विचारायच्या, 'कोणता नंबर?' आणि मग दोरीचे दुसरे टोक हव्या त्या नंबराच्या भोकात घालायच्या. बोलणे संपले की दोरी काढून घ्यायची. दिवसभर हेच.

गाव वाढले, ग्राहक हजारांवर गेले, तेव्हा एका ओळीत वीस-पंचवीस बाया बसू लागल्या. प्रत्येकीच्या वाट्याला ठराविक ग्राहकांचे दिवे. इथेच गोम होती. एखादीच्या वाट्याला बाजारपेठेतले व्यापारी आले तर तिच्यासमोर दिव्यांची दिवाळी, आणि शेजारणीच्या वाट्याला सुखवस्तू वस्तीतली घरे आली तर ती दुपारभर रिकामी. व्यापारी खोळंबून चिडत, बाई घामाघूम होत, आणि हाताच्या अंतरावर दुसरी बाई मोकळी बसलेली असे. आळस तिचाही नव्हता. तो दिवा तिच्यासमोर लागतच नव्हता.

यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय तारांच्या फेरजोडणीचा. एक्स्चेंजमध्ये एक चौकट बसवली आणि तिच्यावर कोणाची तार कोणत्या बाईसमोर न्यायची हे बदलता येईल अशी सोय केली. म्हणजे चार गजबजलेले व्यापारी एकीकडे न देता चौघींत वाटून द्यायचे. शाळेत हूड पोरे एकाच बाकावर न बसवता वेगवेगळ्या बाकांवर बसवतात, तसाच हा प्रकार! दुसरा उपाय असा, की एकाच ग्राहकाचा दिवा दोन-तीन ठिकाणी लावायचा. जी मोकळी असेल तिने उत्तर द्यावे. उत्तर देणाऱ्यांमध्ये काम कसे वाटायचे, या प्रश्नाला दिलेली ही अगदी सुरुवातीची उत्तरे होत. त्यांत गणित नव्हते; अनुभवाचे शहाणपण होते.

मध्यंतरी एक निराळीच गोष्ट घडली. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीच्या व्यवसायात होता. अशी गोष्ट सांगतात, की त्याच गावात दुसराही एक तसाच व्यावसायिक होता आणि त्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कोणाच्या घरी मृत्यू झाला आणि त्यांनी स्ट्राउजरचा नंबर मागितला, की बाई आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायच्या! स्ट्राउजर चिडला आणि मधले माणूसच नको म्हणून त्याने आपोआप जोडणी करणारे यंत्र शोधले. त्याला 1891 साली पेटंट मिळाले आणि 1892 साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे पहिले स्वयंचलित एक्स्चेंज उघडले. पुढे अनेक वर्षे जगातली पुष्कळशी एक्स्चेंजे त्याच तत्त्वावर चालली.

माणूस पक्षपात करतो, यंत्र करत नाही, असे स्ट्राउजरला वाटले असेल. पण यंत्रालाही एक खोड होती. मोकळी तार शोधताना त्याचा हात दर वेळी पहिल्या तारेपासून सुरुवात करी. पहिली गुंतली असेल तर दुसरी, ती गुंतली असेल तर तिसरी. त्यामुळे पहिल्या तारेवर सदा भार आणि शेवटची तार बहुधा रिकामी. यंत्राच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता. पण 'पहिल्यापासून सुरू कर' हा नियम माणसानेच त्याला दिला होता. नियमातच झुकते माप असले तर यंत्र ते इमानाने पाळते, हे ध्यानात ठेवावे. पुढे याचा संबंध येणार आहे.

आता डेन्मार्ककडे वळू. तिथे लोनबोर्ग नावाच्या खेड्यात 1 जानेवारी 1878 रोजी आग्नर क्रारुप एर्लांग याचा जन्म झाला. वडील गावच्या शाळेचे मास्तर. मुलगा कोपनहेगनच्या विद्यापीठात गणित शिकला आणि काही वर्षे स्वतःही शाळांतून शिक्षक होता. गणिताच्या मंडळात जाता-येता त्याची गाठ जेन्सेन यांच्याशी पडली. हे जेन्सेन कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता आणि मोठे गणिती. त्यांच्या ओळखीने 1908 साली एर्लांग कंपनीत आला. कंपनीपुढे रोकडा प्रश्न होता : किती तारा आणि किती ऑपरेटर ठेवावेत? कमी ठेवले तर लोक खोळंबतात, जास्त ठेवले तर पैसा वाया जातो. तोवर हे अंदाजानेच चालत असे.

एर्लांगने 1909 साली पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि 1917 साली आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. त्याचे म्हणणे असे, की कोण केव्हा फोन करील हे कोणालाच सांगता येत नाही. पण पुष्कळ लोक मिळून किती वेळा करतील, त्याचा हिशेब बांधता येतो. पाऊस कोणत्या कौलावर आधी पडेल हे सांगता येत नाही, पण पागोळीखालचा हंडा साधारण केव्हा भरेल ते सांगता येते; तसेच हे.

त्याच्या सूत्राने आपण एक छोटा हिशेब करून पाहू. समजा, तासाला सरासरी 30 कॉल येतात आणि प्रत्येकाला सरासरी 2 मिनिटे लागतात. म्हणजे तासाला 60 मिनिटांचे काम. वरवर पाहता एक ऑपरेटर पुरेल. पण कॉल घड्याळ लावून येत नाहीत. पाच मिनिटे कोणीच नाही आणि मग एकदम चार, असे येतात. रिकामी गेलेली पाच मिनिटे परत मिळत नाहीत. म्हणून एकच ऑपरेटर ठेवला तर रांग वाढतच जाते. दोन ठेवले, तर तीनांपैकी एकाला थांबावे लागते आणि सगळ्यांची सरासरी काढली तर थांबणे 40 सेकंदांचे होते. तीन ठेवले, तर अकरांपैकी एकालाच थांबावे लागते. एका माणसाने केवढा फरक पडतो, पाहा!

आता दुसरा हिशेब. दोन ऑपरेटर ठेवले, पण जुन्या पद्धतीने प्रत्येकीला आपापले निम्मे ग्राहक वाटून दिले आणि एकीने दुसरीच्या ग्राहकाला हात लावायचा नाही असे ठरवले, तर? तीच दोन माणसे, तेवढेच काम. पण सरासरी थांबणे 40 सेकंदांवरून 2 मिनिटांवर जाते. तिप्पट! एक रांग आणि जो मोकळा त्याने घ्यायचे, ही पद्धत का चांगली, ते या एका आकड्यावरून कळते. एस. टी. स्टँडवर तिकिटाच्या दोन खिडक्या असतील तर दोन रांगांपेक्षा एक रांग का बरी, याचेही उत्तर हेच.

तिसरा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. दोन्ही ऑपरेटर सारख्याच तरबेज आहेत. एक रांग आहे. दोघी मोकळ्या असताना कॉल आला तर तो दर वेळी पहिलीकडेच द्यायचा, असा नियम केला. मग काय होते? फोन करणाऱ्याचे थांबणे मुळीच बदलत नाही. तेच 40 सेकंद. पण तासाभरात पहिली 35 मिनिटे बोलत असते आणि दुसरी 25 मिनिटे. ज्या बाई जास्त वेळ मोकळ्या आहेत त्यांना पुढचा कॉल, असा नियम केला की दोघींना 30-30 मिनिटे. म्हणजे उत्तर देणाऱ्यांची पाळी कशी लावावी, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या सोयीचा नसून कामकऱ्यांमधल्या न्यायाचा आहे. बाहेरून तक्रार येणार नाही. आतून आली तर ऐकणारा पाहिजे.

एर्लांग 1929 साली, 51 व्या वर्षी वारला. 1946 साली टेलिफोनचा भार मोजण्याच्या मापाला आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याचे नाव दिले. एका तारेवर तासभर सतत बोलणे चालले म्हणजे एक एर्लांग भार. गावच्या मास्तरांच्या मुलाचे नाव असे जगाच्या हिशेबात राहिले.

'आधी येईल त्याला आधी' हा नियम न्यायाचा खरा. पण तो आंधळाही असतो. लंडनमध्ये नोव्हेंबर 1935 मध्ये विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली. समोर राहणाऱ्या एका गृहस्थांनी अग्निशामक दलासाठी फोन उचलला. त्या काळी कोणालाही ऑपरेटरशी बोलायचे तर एकच शून्य फिरवावे लागे. एक्स्चेंजमधल्या बायांना दिवा दिसे. त्या दिव्यामागे आग आहे की मेजवानीचे आमंत्रण, हे कळायला मार्ग नव्हता. गृहस्थांना उत्तर मिळेना. त्या आगीत पाच स्त्रिया मरण पावल्या. गृहस्थांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि 30 जून 1937 पासून लंडनमध्ये 999 हा वेगळा नंबर सुरू झाला. या नंबराचा कॉल आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. ऑपरेटरने इतर कॉल बाजूला ठेवून तो घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात या नंबरावर हजाराहून अधिक कॉल आले. गिरणीवरच्या लग्नघराच्या डब्यासारखाच हा अपवाद. फक्त इथे प्रश्न जिवाचा होता.

आपल्या देशात पुढे जाण्याचा आणखी एक मार्ग होता, तो पैशाचा. जुन्या मंडळींना ट्रंक कॉल आठवत असतील. पोस्टात जाऊन नंबर लिहून द्यायचा आणि बसून राहायचे. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लायटनिंग कॉल अशा पायऱ्या होत्या. जास्त दर भरला की चिठ्ठी वर सरकायची. मालाची खबर घेणारा व्यापारी लायटनिंग लावी आणि मुंबईच्या गिरणीत कामाला असलेल्या मुलाशी बोलायला आलेली म्हातारी साध्या कॉलवर दुपारभर ताटकळत राही. यात बेकायदा काही नव्हते. पण रांगेचा नियम कोणाला वर चढवतो आणि कोणाला खाली ठेवतो, हे त्या बाकावर बसलेल्याला पुरते समजत असे. 25 नोव्हेंबर 1960 रोजी कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये ग्राहकाने स्वतःच नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एस. टी. डी., सुरू झाली. ती देशभर पसरत गेली तशी ट्रंकची रांग मागे पडत गेली.

रांग मात्र संपली नाही. ती एक्स्चेंजमधून उठली आणि कचेऱ्यांत जाऊन बसली. विमान कंपन्यांकडे तिकिटासाठी रोज हजारो फोन येऊ लागले. कोणाशी बोलायचे हे ठरलेले नाही, पण कोणीतरी बोलायला हवे, अशी ही नवी गरज. 1973 साली अमेरिकेत रॉकवेल कंपनीने कॉंटिनेंटल एअरलाइन्ससाठी 'गॅलॅक्सी' नावाचे यंत्र बसवले. आलेला कॉल रांगेत धरायचा आणि जो उत्तर देणारा मोकळा होईल त्याच्याकडे आपोआप पोचवायचा, हे त्याचे काम. एर्लांगची गणिते आता यंत्राच्या पोटात गेली. पुढे संगणक स्वस्त झाले. 1999 साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याने स्वतःच्या छोट्या धंद्यासाठी 'ॲस्टरिस्क' नावाची टेलिफोनची प्रणाली लिहिली आणि ती सर्वांना मोफत, उघडी करून दिली. तेव्हापासून लहानसा दवाखानाही अशी रांग स्वतःच्या संगणकावर बसवू शकतो.

आणि इथे आपला पहिला प्रश्न पुन्हा दारात येतो : कॉल कोणाकडे आधी द्यायचा? आजच्या प्रणालीत तसे पाच-सहा नियम तयारच असतात. चालवणाऱ्याने एक निवडायचा. प्रत्येकात एक गुण आहे आणि एक खोचही.

सगळ्यांचेच फोन एकदम वाजवायचे, हा पहिला. उत्तर लवकर मिळते. पण सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, असे पुढे होते, आणि प्रामाणिक माणूसच दर वेळी हात पुढे करतो. ओळीने पाळी लावायची, हा दुसरा. दिसायला सरळ, पण एकाला अर्ध्या मिनिटाचा कॉल येतो आणि दुसऱ्याला वीस मिनिटांचा. ज्याने कमी कॉल घेतले त्याला पुढचा, हा तिसरा. यात दुपारी कामावर आलेल्या माणसाची गत पाहा : त्याची बेरीज शून्य, म्हणून सकाळपाळीची बरोबरी होईतोवर सगळे कॉल त्याच्याच गळ्यात! जो सर्वांत जास्त वेळ मोकळा बसला आहे त्याला द्यायचा, हा चौथा. पुष्कळ ठिकाणी हाच पसंत करतात. तरी त्यातही, जो झटपट काम उरकतो तो लवकर मोकळा होतो आणि दिवसअखेर त्याच्याच वाट्याला अधिक कॉल येतात.

पाचवा नियम पायऱ्यांचा. उत्तर देणाऱ्यांना क्रमांक द्यायचे. पहिल्या पायरीवरचे सगळे गुंतले तरच कॉल दुसऱ्या पायरीवर जायचा, तिथलेही गुंतले तर तिसऱ्या. ॲस्टरिस्कमध्ये या क्रमांकाला 'पेनल्टी' म्हणतात. पण ती शिक्षा नव्हे, नुसता पाळीचा आकडा. तो लहान असेल त्याला कॉल आधी. हा नियम फार उपयोगी आहे, आणि जपून वापरावा असाही आहे. अनुभवी माणसाला पहिल्या पायरीवर बसवले तर उत्तर चांगले मिळते. पण तो थकतो, आणि नवा माणूस कॉलच न मिळाल्यामुळे नवाच राहतो. शिक्षक मंडळींना हे सांगायला नको. वर्गात दर प्रश्नाला हुशार मुलालाच उभे केले तर तपासणीला आलेले साहेब खूश होतात, पण बाकीचा वर्ग तिथेच राहतो.

सहावा नियम गुणांचा. कोणाला कोणती भाषा येते, कोणाला कोणत्या विषयाची माहिती आहे, हे नोंदून ठेवायचे आणि कॉल त्याप्रमाणे द्यायचा. 1990 नंतर ही पद्धत फैलावली. यात एक मजेदार शहाणपण आहे. समजा, सोलापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यासाठी दोन माणसे बसली आहेत. एकाला फक्त मराठी येते. दुसऱ्याला मराठी आणि कानडी दोन्ही. मराठी बोलणाऱ्याचा कॉल आला आणि दोघेही मोकळे आहेत. द्यायचा कोणाला? ज्याला एकच भाषा येते त्याला. कारण पुढच्या मिनिटाला कानडी शेतकऱ्याचा कॉल आला तर दुसरा मोकळा हवा. जास्त जाणणारा राखून ठेवायचा, हे आपल्याकडे मळणीच्या वेळी चांगला बैल राखणाऱ्याला नवीन नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. 21 जानेवारी 2004 रोजी केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. 1800-180-1551 या नंबरावर फोन करायला पैसे पडत नाहीत. सकाळी 6 पासून रात्री 10 पर्यंत शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळावे अशी योजना आहे. उत्तर देणारे शेतकी शिकलेले पदवीधर असतात, आणि प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचा असेल तर तो वरच्या तज्ज्ञाकडे जोडून देतात. म्हणजे पायरीचा आणि गुणांचा, दोन्ही नियम इथे एकत्र आले. कपाशीवर कीड पडली आहे, फवारणी आज करायची की पावसाची वाट पाहायची, अशा प्रश्नाला चार दिवसांनी मिळालेले उत्तर कामाचे नसते. रुग्णवाहिकेचा 108 हा नंबर 2005 साली आंध्र प्रदेशात आणि 2014 साली महाराष्ट्रात सुरू झाला. पोलीस, आग आणि दवाखाना या सर्वांसाठी 112 हा एकच नंबर आला. विम्पोल स्ट्रीटच्या आगीतून जो धडा मिळाला तो असा आपल्या खेड्यापर्यंत येऊन पोचला आहे.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दोरी आणि खुंटी गेली, स्ट्राउजरचे यंत्र आले आणि गेले, संगणक आला. दर वेळी वाटले की आता पक्षपाताला जागा उरली नाही. पण कोणाला आधी आणि कोणाला मागाहून, हा निर्णय यंत्राने कधीच केला नाही. तो कोणीतरी माणसाने, एखाद्या दुपारी, एका लहानशा आकड्याच्या रूपाने लिहून ठेवलेला असतो. पूर्वी ऑपरेटर बाईंचा पक्षपात लोकांना कळत तरी असे, आणि भांडता येत असे. आता तो आकडा कुठे लिहिला आहे तेच दिसत नाही. म्हणून ज्यांच्या हाती अशी केंद्रे आहेत त्यांनी आपला नियम उत्तर देणाऱ्यांना समजावून सांगावा, त्यांच्या अडचणी ऐकाव्या, आणि वेळोवेळी तो आकडा पुन्हा तपासावा. सोसायटीच्या खताच्या वाटपाला, रेशनच्या दुकानाला, दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीलाही हेच लागू आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातल्या दोन मुलांना 'ऑपरेटर' करा, बाकीच्यांना चिठ्ठ्या देऊन अधूनमधून कॉल करायला लावा, आणि एकदा दोन रांगा, एकदा एक रांग करून कोण किती थांबले ते घड्याळावर मोजा. मग दोन्ही ऑपरेटरांनी किती वेळ काम केले तेही फळ्यावर मांडा. अर्ध्या तासात मुलांना गणित समजेल, आणि गणिताच्या पलीकडचेही थोडे समजेल.

आणि आपण सर्वांनी एवढे करावे : फोन लावल्यावर गाणे वाजत राहिले म्हणजे आपली रांग आपल्याला जाणवतेच. पलीकडून आवाज आला, की तो माणूसही कुठल्यातरी पाळीने आपल्यापर्यंत पोचला आहे, कदाचित आजचा त्याचा शंभरावा कॉल असेल, हे आठवून दोन शब्द धीराने बोलावे.